शाळेमागची शेड

आयटीआयच्या फिटर ट्रेडला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हाती पहिल्या काही दिवसांतच लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आणि कानस येते. तुकडा वाइसमध्ये घट्ट धरायचा, पाय नीट रोवून उभे राहायचे, कानस पुढे लोटताना दाब द्यायचा आणि मागे घेताना सोडायचा. मग तुकडा सोडवून त्यावर ट्राय स्क्वेअर टेकवायचा आणि दोन्ही खिडकीच्या उजेडासमोर धरायचे. कडेतून उजेडाची बारीक रेघ दिसली, तर तेवढी जागा अजून खोल आहे, पुन्हा कानस. हातांना घट्टे पडेपर्यंत हे चालते. अखेर निदेशक व्हर्नियर लावतात, गुण लिहितात आणि तो तुकडा, ज्याला तिथे सगळे ‘जॉब’ म्हणतात, रॅकवर जाऊन पडतो. तो कोणी विकत घेणार नसतो, कुठल्या यंत्रात बसणार नसतो. केवळ शिकवण्यासाठी घडवलेली अशी वस्तू आपल्या सुताराच्या किंवा लोहाराच्या पडवीत कधीच नव्हती. ती आली कुठून, आणि ज्या शेडमध्ये ती घडते ती शाळेच्या मागच्या अंगाला कशी उभी राहिली, याचा माग काढायचा तर आपल्याला बरेच मागे जावे लागते.

गावगाड्यात हत्यार चालवायला शिकवणारी व्यवस्था होती आणि ती पक्की होती. सुताराचा मुलगा वाकस हाती धरण्याआधी काही वर्षे लाकूड उचलून देई, रंध्याखालच्या ढलप्या झाडी, बापाने मारलेल्या रेघेवर करवतीचे दुसरे टोक धरी. लोहाराचा मुलगा आधी भात्यावर, मग घणावर आणि सर्वांत शेवटी सांडशीवर येई. शिकण्याचे वर्ष आणि कामाचे वर्ष यांत भिंत नव्हती. चूक झाली तर कुणाचा तरी नांगर अडे, त्यामुळे परीक्षा रोजच होती. मात्र हे सारे जन्माने वाट्याला येई. कुंभाराच्या पोराला लोहारकाम शिकावेसे वाटले तर त्याला दार नव्हते, आणि जे हात कातडे कमावत त्यांना अक्षर गिरवण्याची मुभा नव्हती. या व्यवस्थेचे गोडवे आजही अधूनमधून गायले जातात. ते गाताना हा भाग गाळला जातो, आणि तो गाळला की पुढची दोनशे वर्षे कळतच नाहीत.

कसब घराबाहेर काढून शिकवण्याचा एक विसरलेला प्रयत्न आपल्याला थेट शनिवारवाड्यात सापडतो. १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांनी सवाई माधवरावांच्या संमतीने वाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू केली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे एतद्देशीय मुलांना शिकवू लागला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांत गंगाराम तांबट हे नाव ठळक आहे. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी केलेली रेखाटने आज परदेशी संग्रहांत जपून ठेवलेली आहेत. शाळेचे आयुष्य मात्र थोडे. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्स गेला, आणि तो वर्ग विस्कटला. घराण्याबाहेरचा गुरू, ठरलेली जागा, कागदावरचे रेखाटन हे तंत्रशाळेचे तिन्ही घटक तिथे एकत्र आले होते. त्यांना पुन्हा एकत्र यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

१८५४ हे साल या प्रवासात दोनदा येते. त्या वर्षी लंडनहून निघालेल्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानातल्या शिक्षणाने लोकांना व्यवहारोपयोगी ज्ञान द्यावे अशी भाषा होती, आणि त्याच वर्षी पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ उघडले. धरणे, कालवे, रस्ते आणि नुकतीच सुरू झालेली रेल्वे यांसाठी हाताखालची माणसे हवी होती. ती तयार करणे एवढाच त्याचा हेतू. हीच शाळा वाढत वाढत पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. वाढताना तिच्या नावातले ‘मेकॅनिकल स्कूल’ गळून पडले, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. कारागीर घडवायला उघडलेली संस्था काही वर्षांत इंजिनिअर घडवू लागते आणि कारागिराची जागा पुन्हा रिकामी राहते, हा क्रम आपल्याला पुढेही वारंवार भेटणार आहे.

मुंबईत १८५७ साली दोन संस्था जन्मल्या. एक विद्यापीठ आणि दुसरी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभाईंनी दुसरीसाठी एक लाख रुपये दिले ते देशी कारागिरी सुधारावी म्हणून. १८६५ च्या सुमारास लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स आणि हिगिन्स हे तिघे विलायतेहून आले आणि मूर्तिकाम, रंगकाम व लोखंडी नक्षीकाम अशा तीन कार्यशाळा सुरू झाल्या. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी पाने-फुले, प्राणी-पक्षी आणि लोखंडी जाळ्यांमध्ये या शाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. शिकाऊ मुलांनी शहराची सर्वांत देखणी इमारत सजवावी, असा योग आपल्या तंत्रशिक्षणाच्या इतिहासात पुन्हा क्वचितच आला. पण समाजाचे डोळे पहिल्या संस्थेकडे लागले होते. विद्यापीठाची मॅट्रिक झाली की कारकुनी, मामलत, वकिली असे सारे दरवाजे दिसू लागत.

या ओढीची दखल १८८२ च्या हंटर आयोगाने घेतली. त्याच आयोगापुढे त्या वर्षी ऑक्टोबरात महात्मा फुल्यांनी आपले निवेदन ठेवले. सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर पैसा ओतते आणि शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या पोराला काहीच मिळत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाच्या जोडीला शेतकीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान हवे असे त्यांनी मांडले. फुल्यांच्या मांडणीत अक्षर आणि अवजार एकाच मुलाच्या हाती होते, हे ध्यानात ठेवून आपण आयोगाच्या शिफारशीकडे वळू. हायस्कूलच्या वरच्या वर्गांचे दोन फाटे करावेत असे आयोगाने सुचवले. एक फाटा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा, दुसरा व्यापार आणि इतर व्यवहारी धंद्यांकडे. शिफारस शहाणपणाची दिसत होती. पण दुसऱ्या फाट्याच्या टोकाला काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते आणि पालक तिकडे फिरकले नाहीत. आपल्या लोकांना हाताने काम करायची लाज वाटते, असा ठपका तेव्हापासून ठेवला जातो. जातीची उतरंड डोक्यात मुरलेल्या समाजात ती लाज होतीच, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पहिल्या पिढीत शिकू पाहणाऱ्या बापाने पोराला बंद गल्लीत पाठवायचे नाकारले, यात मला अडाणीपणा दिसत नाही. तो हिशेब होता आणि तो बरोबर होता.

इथे आपल्याला थोडा वेळ मॉस्कोला जायला हवे, कारण लोखंडाच्या त्या चौकोनी तुकड्याचा उगम तिथे आहे. मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलचे संचालक व्हिक्टर डेला-व्होस यांच्यापुढे १८६० च्या दशकात एक साधी अडचण होती. मुलांना उस्तादाच्या हाताखाली सोडले तर काम होई, पण कोण काय शिकला याचा पत्ता लागत नसे. आणि एका उस्तादाकडे दोन-चारच मुले मावत. त्यांनी व्यवसायाचे तुकडे केले. लोहारकाम, सुतारकाम, कातकाम, फिटिंग असे भाग पाडले. प्रत्येक भागातल्या मूळ क्रिया वेगळ्या काढल्या. सोप्याकडून अवघडाकडे त्यांची चढती माळ लावली आणि प्रत्येक क्रियेसाठी एक नमुना ठरवला. प्रत्येक मुलाला स्वतःचे बाक, स्वतःची हत्यारे आणि समोर रेखाटन. एक जॉब मापात उतरल्याशिवाय पुढचा हाती घ्यायचा नाही. शिकणे चालू आहे तोवर विक्रीसाठी काही बनवायचे नाही. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात रशियाच्या दालनात हे नमुने ओळीने मांडले होते. ‘एमआयटी’चे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके भारावले की बोस्टनला परतताच त्यांनी त्या धर्तीवर कार्यशाळा उघडल्या, आणि १८८० मध्ये सेंट लुइस इथे कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी ‘मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल’ काढले. गणित, विज्ञान, भाषा आणि कार्यशाळा एकाच वेळापत्रकात बसवणारी ही शाळा आजच्या तांत्रिक विद्यालयांची सख्खी पूर्वज म्हणावी लागेल. त्याच सुमारास स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सॉलोमन वेगळ्या विचाराने लाकूडकाम शिकवत होते. त्यांच्याकडे मुलगा निरुपयोगी सांधा करत बसत नसे, घरात वापरायचा चमचा किंवा हातोडीचा दांडा करी. सराव आधी की वस्तू आधी, हा मॉस्को आणि नेस यांच्यातला वाद आजही कार्यशाळेत मिटलेला नाही.

पश्चिम भारतात या विचारांचे वारे पोचले तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९२३ साली ती माटुंग्याला गेली. कापडगिरण्यांना आणि इंजिनघरांना लागणारी माणसे तिथे तयार होऊ लागली. या संस्थेशी जोडलेली एक हकिगत सांगायलाच हवी. चित्रकार व्हायला १८८५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंगांतले फरक नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे याच तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावची वाट धरली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी घरांतली माणसे तिथे लोखंडी नांगर ओतायला शिकली. शाळेने गमावलेला शिक्षक कारखान्याला मिळाला तो असा.

किर्लोस्कर जे. जे. मध्ये आले त्याच वर्षी तिथे त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके हा आणखी एक मुलगा दाखल झाला होता. पुढे तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. या कलाभवनाची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, म्हणून आपण तिथे जरा थांबू. १८९० साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उभारले. गज्जर स्वतः सुतार समाजातले. शिक्षण देशी भाषेतच द्यायचे हा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी त्यांनी तांत्रिक विषयांवरची पुस्तके तयार करवून घेतली. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, छायाचित्रण असे विषय एका छताखाली होते. इंग्रजी न येणारा कारागिराचा मुलगा तिथे रसायन शिकू शके. फाळक्यांनी तिथे मिळवलेली छायाचित्रणाची आणि छपाईची जाण पुढे ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोचली, तर गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी मिळून १९०७ मध्ये अलेम्बिक हा औषधांचा कारखाना काढला. चांगली तंत्रशाळा आपल्याभोवती काय उगवते याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

स्वदेशीच्या चळवळीत विष्णु गोविंद विजापूरकरांच्या तळेगावच्या समर्थ विद्यालयाने उद्योगशिक्षणाला मानाचे स्थान दिले. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. त्याच तळेगावात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली काचेचा कारखाना निघाला आणि भट्टीपाशीच कामगार शिकू लागले. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात विधवा आणि अनाथ मुली विणकाम करत होत्या, शेती करत होत्या आणि छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर त्याच बायकांच्या हातून छापून निघाले. व्यवसाय शिक्षणाच्या इतिहासात हे नाव सहसा घेतले जात नाही. ज्या बाईला समाजाने घराचा कोपराही नाकारला, तिला कंपोझिटर करणे हे त्या काळातले सर्वांत धाडसी व्यवसाय शिक्षण होते असे मी मानतो.

मग येते १९३७. या एका वर्षात दोन वाटा कागदावर आल्या आणि त्यांचे एकमेकींशी कधीच जमले नाही. अ‍ॅबट आणि वुड या दोन इंग्रज तज्ज्ञांच्या अहवालाने सर्वसाधारण शाळांना समांतर अशा धंदेशिक्षणाच्या शाळा सुचवल्या. आठवीनंतर तीन वर्षांची कनिष्ठ आणि अकरावीनंतर दोन वर्षांची वरिष्ठ. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेत नेमका उलटा विचार पुढे आला. वेगळी शाळा नको, प्रत्येक मुलाचे सगळेच शिक्षण हस्तोद्योगातून हवे. झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात आराखडा दिला. टकळीवर सूत काढताना तारा मोजून गणित, कापूस कुठे पिकतो यावरून भूगोल, गिरण्या कशा आल्या यातून इतिहास अशी ती रचना. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार निघावा या कलमावर अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांनी हरकत घेतली आणि ती रास्त होती. विक्रीचा हिशेब शिरला की शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी हा प्रयोग निष्ठेने चालवला. पण स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांत टकळी उरली ती तासापुरती, आणि खेड्यातल्या पालकाने विचारले की शहरातल्या साहेबाचा मुलगा कुठे सूत काततो? या प्रश्नाला कुणापाशीच उत्तर नव्हते.

स्वतंत्र भारताने अ‍ॅबट-वुडची वाट धरली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आयटीआय उभ्या राहिल्या. त्या शिक्षण खात्याच्या छत्राखाली आल्या नाहीत, कामगार खात्याकडे गेल्या. कारागिराचे प्रशिक्षण ही शिक्षणाची गोष्ट नव्हे, हा निवाडा त्यातून नकळत होऊन बसला आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांतली उमेदवारी नियमात बसवली. शाळांच्या बाजूने १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात प्रवाह. इकडे टेक्निकल हायस्कुले वाढली. आठवी ते दहावीची मुले आपल्या शाळेतून शासकीय तांत्रिक विद्यालयाच्या केंद्रात जात, वर्कशॉप करत, ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून प्लॅन आणि एलेव्हेशन काढत आणि संध्याकाळी हातांना तेलाचा वास घेऊन घरी परतत. ‘आमचा टेक्निकलला आहे’ हे आईबाप अभिमानाने सांगत. कारण उघड होते. टेक्निकलच्या मुलाला पुढे तंत्रनिकेतनाची पदविका खुली होती, तिथे त्याच्यासाठी जागाही राखून ठेवलेल्या असत. हंटरच्या दुसऱ्या फाट्याकडे पाठ फिरवणाऱ्या पालकांचीच ही नातवंडे. हातकामाची लाज जिथून पुढे रस्ता होता तिथे आड आली नाही.

१९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर भागातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. आयोगाने प्रत्येक शाळेत कार्यानुभव सांगितला आणि १९८६ पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरची निम्मी मुले व्यवसाय शिक्षणात असावीत असे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली आणि कार्यानुभव वेळापत्रकात आला. खडू तयार करणे, कागदाची फुले, फायली चिकटवणे. ज्यांनी तो तास अनुभवला आहे त्यांना अधिक सांगायला नको. १९८६ उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने निम्म्याचे लक्ष्य सोडून १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असे ठरवले. १९९२ मध्ये त्याच टक्क्यांपुढे १९९५ आणि २००० ही साले लिहिली गेली. १९८८ च्या केंद्रपुरस्कृत योजनेतून आपल्याकडे ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’, म्हणजे सर्वांच्या तोंडचे एमसीव्हीसी, ठिकठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयांत सुरू झाले. कागदावर रचना चांगली होती, प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकण्याची सोयही होती. पण विज्ञानाला नंबर लागला नाही, वाणिज्य झेपणार नाही, मग एमसीव्हीसी अशी उतरती भाजणी प्रवेशाच्या खिडकीवरच तयार झाली. तांत्रिक गटाच्या मुलांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात शिरता येई. इतर अनेक गटांच्या मुलांसमोर बारावीनंतर तशी सरळ वाट नव्हती. गर्दी कुठे झाली आणि वर्ग कुठे ओस पडले, याचा अंदाज वाचकांना येईलच.

सरकारी टक्केवारीचा हा खेळ चालू असताना शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात एक वेगळे काम उभे राहत होते. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये तिथे राहायला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू झाला. त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या नेहमीच्या शाळेतच आठवड्यातला एक दिवस चाले आणि त्याचे चार भाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. शिकवायला गावातलाच वेल्डर, गावातलाच गवंडी. मुले वेल्डिंग शिकली की गावात कुणाला तरी फाटक करून देत, मातीची तपासणी शिकली की शेतकऱ्याची माती तपासून देत. मुलगे आणि मुली चारही भाग करत. नेसचा चमचा, वर्ध्याची टकळी आणि मॉस्कोचा जॉब यांची इथे गाठ पडली. शिवाय वर्ध्यात जे राहून गेले तेही साधले: हा विषय शालान्त मंडळाच्या मान्यतेने दहावीच्या गुणपत्रिकेवर आला, आणि मुलगा पुढे कुठेही जायला मोकळा राहिला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निम्म्याचा आकडा परत आला. २०२५ पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असे त्यात लिहिले होते. सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची सूचना होती. नववीपासून मल्टी स्किल, ऑटोमोटिव्ह, रिटेल यांसारखे विषय अनेक शाळांत आले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर पुस्तकी विषयांचे आणि व्यवसाय विषयांचे श्रेयांक एकाच खात्यात जमा होतील असे म्हटले आहे. १८८२ मध्ये वेगळे केलेले दोन फाटे पुन्हा जोडण्याचा हा सरकारी कागदावरचा आजवरचा सर्वांत स्पष्ट प्रयत्न आहे, आणि तो मला मनापासून हवा आहे. आता नववीत वाइरिंग शिकलेली मुलगी बारावीनंतर पदवीच्या प्रवेशाला जाईल, तेव्हा तिचे ते श्रेयांक महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीत धरले जातात की नाही, हे येत्या काही वर्षांच्या प्रवेशयाद्यांत आपल्याला दिसेल.